पक्षाघातानंतर पोटरी ताठली आहे, बोटॉक्स घ्यावं का?

सिन्नरजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या वडिलांना, घरात सगळे तात्या म्हणतात, सव्वा वर्षापूर्वी पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन घरात आणि ओट्यावर चालतात. पण उजवी टाच जमिनीला टेकत नाही, पंजा आत वळतो, बोटं खाली दुमडतात आणि चप्पल पायात राहत नाही. नाशिकला दाखवल्यावर डॉक्टरांनी पायात बोटॉक्सची इंजेक्शनं सुचवली, ४०० युनिट लागतील म्हणाले. ताईंचे प्रश्न असे: हे तर विष आहे म्हणतात, मग धोका किती? याने तात्या पहिल्यासारखे चालतील का? एकदा सुरू केलं की कायम घ्यावं लागतं का? आणि ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी चालूच आहे, तीच वाढवली तर भागणार नाही का?

थेट उत्तर आधी देते. तुम्ही केलेल्या वर्णनावरून तात्यांच्या पायाला बोटॉक्सचा फायदा व्हावा असं वाटतं. पण या इंजेक्शनने ताकद येत नाही, फक्त ओढ कमी होते. ओढ कमी झाल्यावर पायाकडून काय करून घ्यायचं हे सुई टोचायच्या आधी ठरलेलं नसेल, तर सगळा खर्च पोटरीत जिरतो आणि तीन-चार महिन्यांनी पाय पुन्हा होता तिथे येतो. माझ्याकडे दुसरं मत घ्यायला येणारे बरेच जण ‘बोटॉक्स घेतलं, काही फरक पडला नाही’ असं म्हणत येतात. खोदून विचारलं की कळतं, औषध चाललेलं असतं. पाय मऊ झाला होता. त्या मऊ झालेल्या पायाचं कुणी काही केलं नव्हतं एवढंच.

पाय ताठतो कसा ते थोडक्यात. स्नायूला ताण बसला की तो आपोआप आकसतो. ही प्रतिक्रिया मज्जारज्जूतच घडते आणि एरवी मेंदू तिला आवर घालत असतो. पक्षाघातात तो आवर सुटतो. त्यात पोटरी मुळातच दांडगी. पाऊल वर उचलणारा नडगीपुढचा स्नायू तिच्यापुढे किरकोळ, आणि पक्षाघाताने तो आणखी दुबळा झालेला. जुवाला जोडलेल्या दोन बैलांपैकी एक धडधाकट आणि दुसरा आजारी असला तर गाडी एकीकडेच ओढली जाणार. बोटॉक्स धडधाकट बैलाला जरा मागे खेचतं. आजारी बैलाचं चारापाणी आपल्यालाच बघावं लागतं.

महिने उलटतात तशी दुसरी भानगड सुरू होते. सतत आखूड राहिलेल्या स्नायूची लांबीच घटते, टाचेमागची जाड शीर (म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, रक्तवाहिनी नव्हे) आणि सांध्याभोवतीचं आवरण आखडतं. बोटॉक्स मज्जातंतूकडून येणाऱ्या ओढीवर चालतं, आखडलेल्या मांसावर नाही. तात्यांना सव्वा वर्ष झालं आहे, त्यामुळे त्यांच्या पायात या दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या असणार. कोणती किती, हे तपासल्याशिवाय युनिटचा हिशेब करू नये.

याचा अंदाज तुम्हाला घरीही येईल. तात्यांना उताणं झोपवा. टाच तुमच्या तळहातात धरा, तुमचं मनगटाजवळचं हाड त्यांच्या तळव्याला टेकवा आणि गुडघा सरळ ठेवून पाऊल अगदी सावकाश वर, त्यांच्या तोंडाच्या दिशेने दाबत न्या. कुठवर येतं ते बघा. मग गुडघ्याखाली लोड देऊन तेच पुन्हा करा. गुडघा वाकवल्यावर पाऊल बरंच जास्त वर आलं, तर पोटरीचा वरचा, दोन भागांचा स्नायू, गॅस्ट्रोक्नेमियस, जास्त ओढतो आहे. कारण तो गुडघ्याच्या वरून निघतो आणि गुडघा वाकला की सैल पडतो. दोन्ही वेळा सारखंच अडलं, तर त्याच्याखालचा सोलियसही सामील आहे किंवा सगळंच आखडलं आहे. आता तिसरी गोष्ट फिजिओ किंवा डॉक्टरांनाच करू द्या: तेच पाऊल झटकन वर ढकलायचं. ताठरलेली पोटरी मध्येच पकडते, कधी पाऊल थडथड उडायला लागतं. झटकन ढकलल्यावर जिथे पकडतं आणि सावकाश नेल्यावर जिथवर पोचतं, या दोन जागांमध्ये जितकं जास्त अंतर, तितका इंजेक्शनला वाव. सावकाश नेलं तरी लाकडासारखं तिथेच अडत असेल तर सुईपेक्षा प्लास्टरचा, नाहीतर शस्त्रक्रियेचा विचार आधी करावा. फाइलमध्ये ‘अ‍ॅशवर्थ’ म्हणून ० ते ४ मधला एक आकडा लिहिलेला असतो. तो उपयोगी आहे, पण ही दोन कारणं तो वेगळी करून सांगत नाही. म्हणून नुसता आकडा बघून निर्णय घेणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आणखी एक गोष्ट इंजेक्शनच्या आधीची. ताठरपणा गेल्या काही आठवड्यांत अचानक वाढला असेल तर त्याचं कारण शोधा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, मांसात रुतलेलं नख, टाचेवरची जखम, घट्ट बसणारा पट्टा, पायात धरलेली रक्ताची गुठळी, यातलं काहीही पाय ताठवू शकतं. रुग्णाला त्या बाजूची जाणीव कमी असली तर तो दुखतंय असंही सांगत नाही. मागे निफाडकडचे एक आजोबा आले होते, महिनाभरात पाय फारच कडक झाला म्हणून. मोजा काढला तर अंगठ्याचं नख पिकलेलं. नखाचा इलाज झाला आणि पाय बऱ्यापैकी उतरला. थंडीचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे, विशेषतः निफाडच्या बाजूला, पारा घसरला की माझ्या रुग्णांचे पाय सकाळी जास्त कडक असतात. तेवढ्यासाठी डोस वाढवायचा नसतो. पायमोजे, कोमट पाण्याचा शेक आणि अंथरुणातच थोडा व्यायाम एवढं पुरतं. मात्र शेकाचं पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने बघा, त्यांच्या पायाला भाजलेलं कळणार नाही.

आता मुख्य मुद्दा, पायाकडून काय हवं आहे. ‘पाय मोकळा व्हावा’ एवढ्याने भागत नाही. टाच टेकून ओट्याच्या पायऱ्या उतरता याव्यात, मागे पट्टा असलेली सँडल दिवसभर पायात राहावी, स्प्लिंट (पाऊल आणि घोटा सरळ धरून ठेवणारा साचा) न टोचता बसावा, रात्री पोटरीत गोळे येऊन झोपमोड होते ती थांबावी: यातली एखाद-दोन उद्दिष्टं निवडा आणि लिहून काढा. पंचवटीतल्या एका आजींना रामकुंडाच्या पायऱ्यांवर अनवाणी नीट उभं राहायचं होतं, तेवढंच. त्यांची बोटं इतकी दुमडत होती की दगडावर नखं घासून रक्त यायचं. आम्ही पोटरीला हातही लावला नाही. बोटं दुमडणाऱ्या स्नायूंना थोडं औषध दिलं आणि त्यांचं काम झालं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं उद्दिष्ट वेगळंच असतं. दोन्ही मांड्या एकमेकींना आवळून बसतात, डायपर बदलताना बायको-सुनेची दमछाक होते, जांघेत कातडी सडते. तिथे मांडीच्या आतल्या बाजूला इंजेक्शन देतात. तो माणूस चालणार नसतो. सांभाळणाऱ्यांचे हात मोकळे होतात आणि जखम टळते. हेही यशच, आणि माझ्या मते खर्चाच्या मानाने फार मोठं.

उद्दिष्ट ठरवायचा आग्रह मी धरते त्याला आणखी एक कारण आहे. ताठरपणा कधीकधी माणसाला उभं धरून ठेवतो. मांडीत ताकद नसलेला रुग्ण ताठ पायाचा खांब करून त्यावर भार देतो. सोलियस फार ढिला केला तर पाऊल टेकल्यावर नडगी पुढे कोसळते, गुडघा मुडतो आणि माणूस पडतो. द्राक्षबागेत काठीवर हिंडणाऱ्या माणसाला असं करून बसवलं तर तो घरातच अडकेल. उलट काहींचा गुडघा प्रत्येक पावलाला मागे झटका खातो आणि त्यामागे पोटरीच असते. तिथे पोटरी सैल केली की गुडघ्यालाही आराम पडतो. तात्या यातले कोणते, हे मला लिहिलेल्यावरून सांगता येणार नाही. चालताना बघावं लागेल. शंका असेल तर एक सोपी चाचणी आहे. गुडघ्यामागे पोटरीच्या मज्जातंतूजवळ लिग्नोकेनसारखं भूल देणारं औषध थोडंसं द्यायचं. काही तास पोटरी ढिली पडते, तेवढ्या वेळात माणसाला चालवून बघायचं. गुडघा मुडला तर डोस कमी करायचा किंवा बेत बदलायचा. पाऊल मोकळं होऊन टाच टेकली तर पुढे जायचं. ढिलं करूनही टाच टेकलीच नाही, तर आखडलेपणाच मोठा आहे असं समजायचं. महागडं औषध वापरण्याआधी हे करून बघण्याची पद्धत आपल्याकडे अजून हवी तितकी रुजलेली नाही.

स्नायूंची निवड. टाच वर उचलली जाते ती गॅस्ट्रोक्नेमियस आणि सोलियसमुळे. पंजा आत वळतो तो बहुतेक वेळा टिबियालिस पोस्टिरियरमुळे. हा पोटरीच्या पोटात खोल, हाडांना चिकटून असतो आणि त्याच्या शेजारून रोहिणी आणि मज्जातंतू जातात. पण काहींमध्ये पंजा आत ओढणारा खरा स्नायू नडगीपुढचा असतो. पाऊल हवेत असताना घोट्यापुढची शीर दोरीसारखी उठून दिसत असेल तर तिकडे बघावं, नाहीतर खोलवर औषध देऊनही पंजा आत वळतच राहतो. बोटं दुमडणारे दोन स्नायू, एक चार बोटांचा आणि एक अंगठ्याचा, तेही पोटरीतच खोल असतात. काहींचा अंगठा उलट सतत वर उभा राहून बुटाला भोक पाडतो. तो वेगळाच, नडगीच्या बाजूचा स्नायू. गुडघा वाकतच नाही आणि पाय गोल फिरवत टाकावा लागतो, तिथे मांडीपुढचा रेक्टस फेमोरिस बघतात. तुमच्या वर्णनात गुडघ्याचा उल्लेख नाही, म्हणून तो बाजूला ठेवते.

डॉक्टरांनी सांगितलेले ४०० युनिट कुठून आले असतील ते लक्षात येतं. बोटॉक्स या ब्रँडच्या अधिकृत माहितीपत्रकात मोठ्या माणसाच्या पायासाठी एकूण ३०० ते ४०० युनिट दिलेले आहेत. पोटरीच्या वरच्या स्नायूच्या आतल्या आणि बाहेरच्या भागात ७५-७५, सोलियसमध्ये ७५, टिबियालिस पोस्टिरियरमध्ये ७५, बोटांच्या आणि अंगठ्याच्या स्नायूंत ५०-५०. बेरीज ४००. ही चौकट आहे, प्रत्येकाने पूर्ण भरायची असं नाही. तात्यांचा हातही ताठ असेल आणि त्यालाही इंजेक्शन द्यायचं असेल, तर माहितीपत्रकाप्रमाणे तीन महिन्यांतले हे ४०० हात आणि पाय मिळून धरायचे असतात. मग हात आधी की पाय, ही निवड करावी लागते. ती घरच्यांनी आणि रुग्णाने करावी असं मला वाटतं, कारण डॉक्टरला घोटा दिसतो आणि घरच्यांना दिवस दिसतो.

युनिटबद्दल एक सावधगिरी. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडमध्ये पायासाठी १००० ते १५०० युनिटपर्यंत देतात. ते ऐकून घाबरू नका, आणि ‘तिकडे जास्त युनिट मिळतात’ म्हणून खूषही होऊ नका. प्रत्येक कंपनीचं युनिट तिच्या स्वतःच्या चाचणीवर मोजलेलं असतं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. ब्रँड बदलला तर डोसचा विचार नव्याने करावा लागतो.

औषध तुम्हालाच मेडिकलमधून आणायला सांगितलं तर ते २ ते ८ अंशांत राहायला हवं. एप्रिल-मेमध्ये दुचाकीच्या डिकीतून सिन्नर ते नाशिक असं आणू नका. शक्यतो दवाखान्याजवळच्या दुकानातून, बर्फाच्या पाकिटांसकट थर्मोकोलच्या डब्यात, त्याच दिवशी घ्या. कुपी तुमच्यासमोर फोडायला सांगा, तुम्ही बघितलं म्हणून कुणाचा अपमान होत नाही. आत पांढुरका पातळ थर असतो, जवळपास रिकामीच वाटते. बोटॉक्सच्या कुपीत निर्वात पोकळी असते. सुई आत गेली की सलाईन आपोआप आत ओढलं जातं. ओढलं गेलं नाही तर ती कुपी वापरायची नसते. मग ती हलक्या हाताने फिरवतात, खळखळवत नाहीत. साधारण १०० युनिटला २ मिलिलीटर सलाईन असं प्रमाण असतं. विरघळवलेलं औषध थंड ठेवून २४ तासांत वापरायचं. दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावून एक कुपी वाटून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. पण या कुपीत जंतुरोधक नसतो आणि माहितीपत्रकाप्रमाणे ती एकाच रुग्णासाठी असते, म्हणून मी ते करत नाही.

टोचताना भूल लागत नाही. चार-सहा ठिकाणी सुई जाते, खोलवरची जरा कळ आणते. सोनोग्राफी बघत दिलेलं इंजेक्शन मी सगळ्यात भरवशाचं मानते, निदान खोल स्नायूंसाठी तरी. पडद्यावर स्नायूंचे थर एकावर एक दिसतात. सहायकाने पायाची बोटं धरून हलवली की नेमका बोटांचा स्नायू सरकताना दिसतो, बाकीचे थर स्थिर राहतात. मग सुईचं टोक तिथे नेऊन औषध सोडलं की थर फुगलेला कळतो. आणखी एक फायदा: जुनाट आखडलेला स्नायू पडद्यावर पांढुरका, धुरकट दिसतो. त्यात औषध कमी चालतं, तो सोडून दुसऱ्या भागाला देता येतं. सोनोग्राफी नसेल तर विजेच्या सौम्य झटक्याने स्नायू ओळखून देणं हाही चांगला मार्ग आहे. नुसत्या हाताच्या अंदाजाने वरचा पोटरीचा स्नायू बऱ्यापैकी सापडतो, टिबियालिस पोस्टिरियर मात्र अनुभवी हातालाही हुकतो. तेव्हा ‘कशाच्या मदतीने देणार?’ असं जरूर विचारा.

विषाचं म्हणाल तर हो, हे विषच आहे. बिघडलेल्या डबाबंद अन्नातून माणसाला लुळं पाडणाऱ्या जिवाणूचंच ते. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला निरोप नेणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन ते बाहेर पडू देत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी १९८० च्या सुमारास तिरळेपणावर ते वापरून दाखवलं. अमेरिकेत १९८९ साली डोळ्यांच्या विकारांसाठी त्याला मान्यता मिळाली, पक्षाघातानंतरच्या हाताच्या ताठरपणासाठी २०१० साली आणि पायासाठी २०१६ साली. म्हणजे सुरकुत्यांचं औषध नंतर पायाला लागलं असं नाही, मुळात ते ओढणाऱ्या स्नायूंचंच औषध आहे. दिलेल्या प्रमाणात बहुतेकांना टोचलेल्या जागी दुखणं, थोडं रक्त साकळणं, काही दिवस अशक्तपणा इतकंच होतं. पायाच्या बाबतीत सगळ्यात खरा धोका पडण्याचा, तो वर सांगितला. क्वचित औषध लांबवर पसरून गिळायला, बोलायला किंवा श्वासाला त्रास होतो. हा त्रास काही तासांतही होऊ शकतो आणि काही आठवड्यांनीही. तसं झालं तर थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्याच्या आपत्कालीन विभागात जा. ज्यांना पक्षाघातामुळे आधीच गिळताना ठसका लागतो त्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल किंवा टोचण्याच्या जागी संसर्ग असेल तर इंजेक्शन देत नाहीत. जेंटामायसिन, अमिकॅसिन गटातली प्रतिजैविकांची इंजेक्शनं चालू असतील तर तीही सांगा, त्यांनी परिणाम वाढतो.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: सुई टोचायची म्हणून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नका. पोटरीत थोडं रक्त साकळेल ते परवडलं, दुसरा पक्षाघात परवडणार नाही. वॉर्फरिन किंवा असिट्रोम चालू असेल तर आधी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालं आहे ते, तपासून घेतात, एवढंच.

आता इंजेक्शननंतरचे आठवडे. फरक तीन दिवसांपासून आठवड्याभरात जाणवू लागतो, साधारण दोन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान तो सर्वाधिक असतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. म्हणजे खरी कमाई पहिल्या दोन महिन्यांत. त्यासाठी घरात एक माणूस मोकळा हवा. आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल द्राक्षांची काढणी, मग कांदा, मग लग्नं. त्या गर्दीत इंजेक्शन घेऊन ‘नंतर करू व्यायाम’ म्हणणारे पैसे घालवतात. तारीख घेण्याआधी घरातलं कॅलेंडर बघा आणि फिजिओची वेळ आधी पक्की करा.

करायचं काय? रोज पोटरीला ताण. हाताने दिलेला पाच मिनिटांचा ताण कमी पडतो. सुताराकडून उतरती फळी करून घ्या. भिंतीशी किंवा खिडकीच्या गजाला धरून, कुणीतरी पाठीशी उभं राहून, त्या फळीवर टाच खाली राहील असं उभं करायचं. सुरुवातीला जमेल तेवढं, मग वाढवत वीस मिनिटं-अर्धा तास, जमल्यास दोनदा. घोटा थोडा आखडला असेल तर याच काळात प्लास्टर घालून दर आठवड्याला थोडा जास्त वर घेत बदलतात. दोन-तीन प्लास्टरमध्ये चांगला फरक पडतो. पण मधुमेह असेल किंवा पायाची जाणीव कमी असेल तर कातडीवर रोज लक्ष ठेवावं लागतं. दुसरीकडे नडगीपुढचा दुबळा स्नायू जागा करायचा. विजेच्या उत्तेजनेबरोबर स्वतः पाऊल उचलायचा प्रयत्न करायचा, टाच टेकून भार द्यायचा, बसल्या जागेवरून उजव्या पायावर वजन घेत उठायचं. तात्यांनी हे शंभर वेळा केलं तर चुकून जास्त झालं असं होणार नाही, पाचच वेळा करतात हीच अडचण असते.

स्प्लिंट नव्याने तपासून घ्या. जुना एएफओ, म्हणजे हाच घोट्या-पावलाचा स्प्लिंट, ताठ पायाच्या मापाचा असतो. पाऊल सरळ झालं की तो टोचतो, मग रुग्ण तो काढून कोपऱ्यात ठेवतो. इंजेक्शननंतर दोन-तीन आठवड्यांनी माप घेतलेलं चांगलं. आणि चप्पल आता विसरा. मागे पट्टा आणि वर वेलक्रो असलेली, उजवा पाय स्प्लिंटसकट मावेल अशी सँडल घ्या. तेलाने चोळण्याला माझी हरकत नाही, तात्यांना बरं वाटत असेल तर जरूर करा. फक्त जोरजोरात चोळलं की पोटरी आणखी भडकते, आणि चोळणं म्हणजे ताण देणं नव्हे.

पहिल्यासारखे चालतील का? याचं प्रामाणिक उत्तर: इंजेक्शनने नाही. मोठ्या चाचण्यांमध्ये घोट्याचा ताठरपणा कमी झाल्याचं स्पष्ट दिसलं आहे, चालण्याच्या वेगात पडणारा फरक मात्र सरासरीने थोडाच असतो. पण टाच टेकू लागली, पंजा आत वळून घोटा मुरगळायची भीती गेली, सँडल दिवसभर पायात राहिली, तर माणूस ओट्यावरून अंगणात आणि अंगणातून पारापर्यंत जातो. सव्वा वर्षानंतर याहून मोठं आश्वासन कुणी दिलं तर मी त्याच्यापासून लांब राहीन.

गोळी वाढवण्याबद्दल. बॅक्लोफेन आणि ताठरपणाचीच दुसरी गोळी टिझानिडिन सगळ्या अंगावर चालतात. ताठ पोटरीबरोबर चांगली बाजूही ढिली होते, झापड येते, तोल जातो. दोन्ही पाय, पोट, पाठ सगळंच ताठ असेल तर गोळीला पर्याय कमी. एकाच घोट्यासाठी ती वाढवत नेणं मला पटत नाही. पण चालू असलेली बॅक्लोफेन एकदम बंदही करू नका, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. हळूहळू उतरवावी लागते. टिझानिडिन चालू असताना लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झालं तर रक्तदाब धोकादायकपणे खाली येतो. ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नसतात. गावातल्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवत जा.

पुन्हा घ्यावं लागतं का? बऱ्याच जणांना लागतं, आणि दोन वेळांत किमान बारा आठवड्यांचं अंतर ठेवतात. घाईने परत घेतलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवण्याची शक्यता वाढते. पण कायमचं बांधून घेतल्यासारखं नसतं. स्प्लिंट आणि व्यायामावर पाय टिकतो असं दिसलं तर पुढची वेळ लांबवतात, काही जण थांबतातही. दोन-तीन वेळा नीट व्यायामासकट घेऊनही उद्दिष्ट गाठलं गेलं नाही तर तेच रेटत बसू नका. परवडत नसेल तर फेनॉलचं इंजेक्शन विचारा. ते बरंच स्वस्त आहे आणि मज्जातंतूजवळ देतात. मात्र काहींना नंतर पायात जळजळ होते, म्हणून ते येणाऱ्याच हाताने द्यावं. घोटा पक्का आखडला असेल तर टाचेमागची शीर लांबवणं आणि नडगीपुढच्या शिरेचा अर्धा भाग बाहेरच्या बाजूला वळवून जोडणं ही शस्त्रक्रिया चांगला आणि टिकाऊ फायदा देते. तिचं नाव काढलं की लोक दचकतात, पण वर्षानुवर्षं बोटॉक्स घेण्यापेक्षा काहींना ती स्वस्त पडते. अशा वेळी पुनर्वसनाचं काम करणाऱ्या मोठ्या केंद्रात मत घ्यावं. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे.

डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा मोबाइलवर तात्यांच्या चालण्याचे दोन व्हिडिओ घेऊन जा, एक समोरून, एक बाजूने, अनवाणी आणि गुडघ्याच्या वरपर्यंत पाय उघडा. सध्याची चप्पल आणि स्प्लिंटही सोबत न्या. ते कुठे झिजलंय यावरून बरंच कळतं. इंजेक्शननंतर चार ते सहा आठवड्यांनी तसेच व्हिडिओ पुन्हा काढा. मध्ये गुडघा मुडू लागला तर फेरतपासणीची वाट न बघता कळवा, काठीऐवजी काही दिवस वॉकर आणि गुडघ्याला आधार देऊन तो काळ काढता येतो. आणि फाइलमध्ये ब्रँडचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि कोणत्या स्नायूत किती युनिट दिले हे लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. ‘पोटरीत बोटॉक्स दिलं’ एवढ्या नोंदीवरून पुढच्या डॉक्टरला काहीही ठरवता येत नाही.